चारचौघांत हात थरथरतात, पापणी फडफडते? लपवण्याच्या धडपडीतच त्रास वाढतो

मुलगी पाहायला पाहुणे येतात आणि तिच्या हातात चहाचा ट्रे दिला जातो. दिवाणखान्यात पाऊल टाकताच कप-बशा वाजू लागतात. अजून कुणी तिला एक शब्दही विचारलेला नसतो. दुसरीकडे नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या मुलाच्या ओठाचा एक कोपरा आपोआप खेचला जातो. घरात पारेच्या पारे न अडखळता म्हणणारा हाफिज तरावीहला पुढे उभा राहिला की त्याचा आवाज कापतो, गुडघे लटपटतात.

हे तिघंही आजारी दिसत नाहीत. त्यामुळे घरातले म्हणतात, "एवढं काय घाबरायचं? आपलीच तर माणसं आहेत!" आणि विषय तिथेच संपतो. त्या मुलाचा किंवा मुलीचा मात्र तो संपत नाही. पुढची दावत टाळली जाते. तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमकं पोट दुखतं. चांगल्या नोकरीसाठी आलेला फोन वाजून वाजून बंद होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं आळशी आहे, शिक्षणात मन नाही. खरं कारण असतं एक फडफडणारी पापणी आणि ती कुणाला दिसेल ही भीती. या भीतीपायी शिक्षण आणि रोजगार सुटत असेल, तर तिच्याविषयी घरात मोकळेपणाने बोलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

शरीरात नेमकं काय होतं?

प्रत्येक माणसाचा हात थोडासा थरथरतोच. खात्री करायची असेल तर हात पुढे ताणा आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवा. कागदाची कड हलताना दिसेल. एरवी ही थरथर इतकी बारीक असते की ती जाणवत नाही. पण भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन नावाचं द्रव्य वाढतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात आणि तीच बारीक थरथर डोळ्यांना दिसेल एवढी मोठी होते. मागे कुत्रा लागला तर पळता यावं म्हणून शरीराची ही तयारी असते. अडचण एवढीच, की समोर कुत्रा आहे की चाळीस माणसांच्या नजरा, यात शरीर फरक करत नाही. पळायची सगळी तयारी झालेली असते आणि आपण मात्र खुर्चीवर नीट बसून हसायचा प्रयत्न करत असतो.

इथपर्यंत जे होतं ते सगळ्यांचंच होतं. लग्नाच्या स्टेजवर फोटोसाठी दहा मिनिटं हसत उभ्या राहिलेल्या नवरदेवाचे गालही थरथरतात. त्याला त्याचं काही वाटत नाही, स्टेजवरून उतरला की तो विसरून जातो. ज्याला लोकांसमोर जाण्याचीच धास्ती असते, त्याचं तसं होत नाही. गाल हलला की त्याचं सगळं लक्ष त्या गालावर जातं. समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. आपला चेहरा बाहेरून कसा दिसत असेल, याचंच एक चित्र डोक्यात फिरू लागतं, आणि ते चित्र नेहमी प्रत्यक्षापेक्षा वाईट असतं. भीती वाढते, अ‍ॅड्रेनालिन वाढतं, गाल आणखी हलतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे चक्र नीट मांडलं. आज जगभर या त्रासावर जे समुपदेशन केलं जातं, त्यातलं बरंचसं याच मांडणीवर उभं आहे.

त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपण घरात करून पाहू शकतो. पाण्याने भरलेला ग्लास अगदी घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबून धरा. अर्ध्या मिनिटात हात थरथरू लागेल. आता तोच ग्लास सैल हाताने धरा. थरथर कमी होते. म्हणजे हात हलू नये म्हणून आपण जे करतो, त्यानेच तो जास्त हलतो.

असे लपवण्याचे उपाय या मुलांकडे डझनाने असतात. कप अर्धाच भरून घ्यायचा. दावतीत "पोट भरलंय" म्हणून दस्तरखानावर बसायचंच नाही. हात खिशात, नाहीतर ओढणीच्या टोकात. चेहऱ्यावर मास्क, कारण कोरोना गेला तरी मास्क चालून जातो. पापणी हलू नये म्हणून डोळे ताणून ठेवायचे. कुणी पाहिलं की मोबाईलमध्ये डोकं घालायचं. त्या क्षणापुरतं बरं वाटतं. पण घरी परतताना मनात एकच हिशोब पक्का होतो: आज लपवलं म्हणून वाचलो. न लपवता काय झालं असतं, हे कधी कळतच नाही.

बहुतेक वेळा फार काही झालं नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून त्यांना इतर मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांचं लक्ष गेलं असेल, असं नंतर विचारलं. विद्यार्थ्यांनी जेवढे सांगितले, त्याच्या जेमतेम निम्म्या मुलांच्याच तो टी-शर्ट लक्षात राहिला होता. अख्ख्या छातीवर छापलेल्या चित्राची ही गत, तर पापणीच्या एका फडफडीची काय असेल?

सगळंच घाबरण्यामुळे नसतं

पुढे जाण्याआधी एक सावधगिरी. हात थरथरला की "टेन्शन आहे" म्हणून सोडून देणं बरोबर नाही, आणि डोळा लवला की शुभ-अशुभ काढत बसणं तर त्याहून नाही.

एकाच डोळ्याची, बहुधा खालची पापणी अधूनमधून फडफडत असेल तर त्यामागे अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, रात्रीचा मोबाईल आणि ताण ही नेहमीची कारणं असतात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती थांबते. रमजानमध्ये सहरीसाठी झोप मोडते, दिवसाचा चहा एकदम बंद होतो आणि इफ्तारनंतर त्याची कसर भरून काढली जाते. त्या दिवसांत पापणी फडफडली तर घाबरायचं कारण नाही. मात्र फडफड महिनाभर टिकली, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा चेहऱ्याची एकच बाजू डोळ्यापासून ओठापर्यंत खेचली जाऊ लागली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब आला तरी असं होतं, आणि त्यावर वेगळा इलाज आहे.

हात एकटं असतानाही थरथरत असेल, सोबत वजन घटत असेल, घाम येत असेल तर थायरॉईड तपासायला हवं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तरी स्नायू फडफडतात. दम्याचा पंप घेतल्यावर काही वेळ हात कापणं हा औषधाचाच परिणाम असू शकतो. घराण्यातच वडील, आजोबा यांचा हात कप उचलताना थरथरत असेल, तर तो आनुवंशिक कंप असण्याची शक्यता असते.

लहान मुलांचं प्रकरण आणखी निराळं. साधारण पाच ते सात वर्षांच्या आसपास काही मुलं वारंवार डोळे मिचकावतात, खांदा उडवतात, नाक आक्रसतात, घशातून आवाज काढतात. याला टिक म्हणतात. ते मूल नाटक करत नसतं. आतून एक प्रकारची खाज उठावी तशी ऊर्मी येते आणि ती हालचाल केल्याशिवाय चैन पडत नाही. थोडा वेळ ते दाबून धरू शकतं, म्हणून घरच्यांना वाटतं की मुद्दाम करतोय. ताणाने टिक वाढते, पण तिचं मूळ ताणात नसतं. अनेक मुलांमध्ये मोठेपणी ती आपोआप कमी होते. जिथे त्रास फार असतो, तिथे ऊर्मी ओळखून त्या क्षणी दुसरी, उलट हालचाल करायला शिकवलं जातं. अझ्रिन आणि नन या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. ओरडून किंवा चापट मारून टिक जात नाही, वाढते.

सराव कसा करायचा?

आता ज्यांना एकटं असताना काही होत नाही आणि लोक समोर आले की सुरू होतं, त्यांच्याविषयी.

सुरुवात शरीराला सैल पडायला शिकवण्यापासून करता येते. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली पद्धत सोपी आहे. हाताची मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडायची आणि सुटताना कसं वाटतं तिकडे लक्ष द्यायचं. तसंच खांदे, जबडा, कपाळ, पाय. ज्यांचा गाल किंवा ओठ हलतो, त्यांनी जबड्यावर जास्त वेळ द्यावा. दातावर दात दाबून बसायची सवय अनेकांना असते आणि त्यांना ती ठाऊकही नसते. सोबत श्वास: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. हे रोज, घरात, मन शांत असताना करायचं आहे. भर मजलिशीत चार-सहा मोजत बसलात, तर तोही लपवण्याचाच एक नवा प्रकार होतो आणि लक्ष पुन्हा आतच राहतं.

खरी मेहनत लक्ष बाहेर नेण्याची आहे. समोरचा बोलतोय तेव्हा त्याचे शब्द ऐका. चाचांच्या शेरवानीचा रंग कोणता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, बिर्याणीत बटाटा आहे की नाही, काहीही चालेल. पापणी फडफडली तर फडफडू द्या. पहिल्यांदा हे अशक्य वाटतं. म्हणून सोप्या ठिकाणी सराव करायचा असतो: किराणा दुकानात सामान घेताना, रिक्षावाल्याशी बोलताना, शेजाऱ्यांना सलाम करून दोन वाक्यं बोलताना.

मग एक शिडी तयार करा. कागदावर सर्वांत सोप्यापासून सर्वांत अवघड प्रसंगापर्यंत सात-आठ पायऱ्या लिहा. चहाच्या ट्रेची भीती असलेल्या मुलीची शिडी अशी असू शकते: आधी घरातल्यांना चहा नेऊन देणं, मग दोन मैत्रिणींना, मग खालांना आणि त्यांच्या सुनांना, मग मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात. कप नेहमीइतका भरायचा, अर्धा नाही. बशी वाजली तरी पळून स्वयंपाकघरात जायचं नाही. तिथेच बसायचं, बोलायचं. पंधरा-वीस मिनिटांनी भीती स्वतःहून उतरू लागते, हा अनुभव शरीराला मिळणं महत्त्वाचं. एक पायरी चार-पाच वेळा झाल्याशिवाय पुढची चढू नका. आठवडा मध्येच वाईट गेला तरी शिडी फाडू नका.

यात एक विचित्र वाटणारा पण उपयोगी भाग आहे. एखाद्या दिवशी मुद्दाम हात थरथरवा. दुकानात पैसे देताना जाणूनबुजून नोट हलवा आणि दुकानदाराचा चेहरा पाहा. तो सुट्टे पैसे शोधत असतो! असं दोन-तीनदा केलं की बरीच हवा निघून जाते. दुसरा उपाय मोबाईलचा. भावाला समोर बसवून पाच मिनिटं बोला आणि त्याचं रेकॉर्डिंग करा. पाहण्याआधी आपण किती थरथरताना दिसू याला दहापैकी आकडा द्या. मग अनोळखी माणसाला पाहावं तसा तो व्हिडिओ पाहा. समुपदेशनातही व्हिडिओ वापरतात, कारण मनातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र यांत फार अंतर निघतं.

कुणी विचारलंच, "हात का थरथरतोय?", तर उत्तर तयार ठेवा. "नवीन लोकांत थोडं होतं मला, जाऊ द्या" एवढं पुरतं. सांगून टाकल्यावर लपवायचं ओझं उरत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत आपल्या मुलांना आणखी एक ताण असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा वाचायची सवय अनेकांना लागलेली असते. त्यामागे अनुभव असतात, तो नुसता भ्रम नसतो. पण सगळं लक्ष चेहरा वाचण्यात गेलं, तर येत असलेलं उत्तरही सुचत नाही. अशा मुलांसाठी मोहल्ल्यातल्या नोकरदार मंडळींनी महिन्यातून एकदा सरावाच्या मुलाखती घेतल्या, तर त्याचा उपयोग एखाद्या भाषणापेक्षा जास्त होईल.

हया, असर आणि ईमान

मुली या बाबतीत दुहेरी अडकतात. खाली मान घालून बसणारी, कुणाशी न बोलणारी मुलगी "हयादार" म्हणून वाखाणली जाते. तिला आतून घाम फुटलेला असतो, हे कुणी विचारत नाही. हया हा गुण आहे. ती माणसाला चुकीच्या कामापासून रोखते. दुकानदाराकडे उरलेले पैसे मागायला, वर्गात शंका विचारायला, डॉक्टरला दुखणं सांगायला जी रोखते, ती हया नव्हे, भीती आहे. मुलांच्या वाट्याला याच्या उलट येतं. "मर्दासारखा बोल" असं चारचौघांत सुनावलं जातं, आणि पुढच्या वेळी आवाज आणखी कापतो.

काही घरांत थरथर दिसली की "असर झालाय" म्हणून ताबीज, धागेदोरे आणि पैसे उकळणाऱ्या बाबांच्या फेऱ्या सुरू होतात. दुआ करा, कुराण वाचा, त्याने मनाला आधार मिळतोच. पण वर्ष-दोन वर्षं बाबांच्या दारात घालवून मग डॉक्टरकडे जाणं यात नुकसान त्या मुलाचं आहे. "ईमान कमजोर आहे म्हणून घाबरतोस" हे वाक्य तर बोलूच नये. हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा छाती दाटते, जीभ चालत नाही हे त्यांनी अल्लाहपुढे मोकळेपणाने मांडलं आणि भाऊ हारून (अलै.) यांची सोबत मागितली. पैगंबरांनी जे सांगायला कमीपणा मानला नाही, ते आपल्या मुलाने सांगितलं तर त्यात कसला कमीपणा?

मनाच्या दुखण्यावर इलाज करणं हे काही आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेलं नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी 'मसालिहुल अबदान वल अनफुस' या ग्रंथात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. भय, दुःख, राग आणि मनात घोळणारे विचार यांची त्यांनी वेगवेगळी मांडणी केली. त्या काळचे वैद्य फक्त शरीराकडे पाहतात, अशी त्यांची तक्रार होती. घरात जशी औषधं आधीच आणून ठेवतो, तसे धीर देणारे विचार मन शांत असताना जमवून ठेवावेत आणि भीतीच्या वेळी वापरावेत, हा त्यांचा सल्ला आजच्या समुपदेशकाच्या सल्ल्याशी जुळतो.

घरच्यांनी काय करावं? फार काही नाही. "बघ, पुन्हा डोळा मिचकावतोयस" हे सांगणं बंद करावं. पाहुण्यांसमोर त्याची चेष्टा करू नये, आणि त्याच्या वतीने प्रत्येक उत्तर अम्मीने देऊ नये. आणि मुलगी पाहताना ट्रेची परीक्षा कशासाठी? तिला आधी सर्वांसोबत बसू द्या, चहा घरातलं दुसरं कुणीही आणेल. मुलाने आणला तर अधिकच बरं.

औषध आणि मदत

घरच्या सरावाने दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, शाळा-नोकरी सुटू लागली, किंवा जगणंच नको असे विचार येऊ लागले, तर थांबू नका. शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी मदत घ्या. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या त्रासावर चांगली उपयोगी पडते. ती साधारण बारा ते सोळा भेटींची असते. काहींना रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फायदा नाही" म्हणून सोडू नयेत. रोजे असतील तर वेळा डॉक्टरांना विचारून इफ्तार-सहरीला बसवता येतात का पाहा, मनाने गोळी बंद करू नका.

भाषणाआधी किंवा मुलाखतीआधी घेतात ती प्रोप्रानोलॉलची गोळी मित्रांमध्ये फार फिरते. ती थरथर आणि धडधड कमी करते, मनातली भीती तशीच राहते. दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला साखर उतरल्याची खूण तिच्यामुळे कळत नाही. मेडिकलमधून परस्पर आणून ती घेऊ नका. झोपेच्या आणि तात्पुरती भीती घालवणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्याबाबत तर दुप्पट जपावं.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र कधीही मराठीत किंवा हिंदीत बोलता येतं. समोरासमोर बसायचीच भीती असलेल्या माणसाला फोनवरून सुरुवात करणं सोपं जातं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते, तिथे केसपेपर काढून थेट दाखवता येतं. "बाहेर कळलं तर लग्न जमणार नाही" ही धास्ती अनेक घरांत असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, असंही त्यात म्हटलं आहे.

पहिल्या भेटीला जाताना त्रास कधी सुरू झाला, कोणत्या प्रसंगात होतो, चहा-कॉफी किती, झोप किती, आधीची औषधं कोणती हे एका कागदावर लिहून न्या, कारण तिथे बसल्यावर आठवत नाही. शक्य असेल तर फडफडीचा एखादा व्हिडिओही मोबाईलमध्ये ठेवा. डॉक्टरांसमोर पापणी नेमकी शांत राहते, असं बऱ्याच जणांचं होतं.